देवकाबाईंच्या लंगड्या चुंबळी

"पंधरा दिस झाले जी," देवकाबाईंनी मला तिसऱ्यांदा सांगितलं. "घरात जाता जाता चौकटीचा ठोका लागला. तवापासून हे टेंगूळ आलं."

मी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत होते. टाळूच्या डाव्या बाजूला, भांगापासून दोन बोटांवर, अर्ध्या लिंबाएवढा उंचवटा. दाबला तर दबत नव्हता, ढकलला तर सरकत नव्हता. टेंगूळ असं वागत नाही. टेंगूळ म्हणजे कातडीखाली साचलेलं रक्त. ते चार दिवसांत मऊ पडतं आणि पंधरा दिवसांत आपली वळकटी गुंडाळून निघून जातं. हे साक्षात हाड होतं. कवटीचं हाडच आतून फुगलं होतं.

मी गोंदियात न्यूरोसर्जन आहे. मेंदूची डॉक्टर म्हणून लोक मला ओळखतात, पण मेंदूवरचं झाकणही आमच्याच खात्यात येतं. त्या झाकणात गाठ होणं ही फार क्वचित दिसणारी गोष्ट. त्यामुळे असा पेशंट आला की मी मनातल्या मनात खुर्चीत जरा पुढे सरकते. हे बोलून दाखवण्यासारखं नाही, पण खरं आहे.

देवकाबाई नवेगाव बांधच्या. वय पन्नाशीच्या पुढे, अंगकाठी वेतासारखी, मान ताठ. मुलगा तलावात जाळं टाकतो, त्या मासे टोपलीत भरून डोक्यावरून बाजाराला नेतात. सोबत सून होती, सरिता. ती सासूच्या खुर्चीमागे उभी होती. तोंड मिटलेलं, पण डोळे सारखे काहीतरी सांगायला बघत होते.

मुलाने आईला आधी दुसऱ्या शहरातल्या एका सेंटरला नेलं होतं. तिथला सीटी स्कॅन आणि रिपोर्ट फाइलमध्ये होता. रिपोर्टचा मराठीत अर्थ असा: कवटीच्या हाडात गाठ, आत सूर्याच्या किरणांसारख्या रेषा, बाहेरचा पापुद्रा एका ठिकाणी तुटल्यासारखा, पंधरा दिवसांत झालेली वाढ, हाडाच्या कॅन्सरची दाट शक्यता, ताबडतोब बायोप्सी करावी. बायोप्सीची तारीखही लिहून दिली होती. आठच दिवस उरले होते.

त्या सेंटरला मी दोष देणार नाही. त्यांना जे सांगितलं होतं त्यावरून मीही तेच लिहिलं असतं.

इथे थोडं समजावून सांगते. कवटीचं हाड म्हणजे एक सलग फरशी नव्हे. बाहेर एक कडक पापुद्रा, आत एक कडक पापुद्रा आणि दोघांच्या मध्ये जाळीदार, मऊसर भाग. देवकाबाईंची गाठ त्या मधल्या भागात होती. आता किरणांसारख्या रेषा दोन आजारांत दिसतात. एक म्हणजे हाडाचा कॅन्सर, त्यात हाड वेड्यासारखं बाहेर उसळतं. दुसरा म्हणजे हिमँजिओमा, म्हणजे हाडात वाढलेला रक्तवाहिन्यांचा गुंता. त्या गुंत्याच्या मधूनमधून उरलेलं हाड सायकलच्या आऱ्यांसारखं उभं राहतं. पहिला माणसाला घेऊन जातो. दुसरा निरुपद्रवी असतो, पूर्ण काढला की विषय संपला. एरवी स्कॅनमध्ये दोघांत बऱ्यापैकी फरक कळतो. देवकाबाईंच्या स्कॅनमध्ये मात्र याचं थोडं आणि त्याचं थोडं, अशी खिचडी होती.

अशा वेळी निकाल लावते ती एकच गोष्ट: वाढीचा वेग. कॅन्सर धावतो, हिमँजिओमा वर्षानुवर्षं रमतगमत येतो. म्हणून आम्ही डॉक्टर मंडळी "किती दिवसांपासून आहे?" हा प्रश्न पोपटासारखा विचारतो.

आणखी एक भानगड. गाठ दुसऱ्या प्रकारची असेल तर बायोप्सी करणं, म्हणजे तिला भोक पाडून तुकडा काढणं, महागात पडतं. रक्ताने भरलेल्या पिशवीला सुई टोचल्यासारखं ते होतं.

"देवकाबाई, खरंच पंधरा दिवस?"

"आता देवाची शपथ घेऊ का?"

"घ्या."

"नाही घेत. बाईमाणसाच्या शब्दावर इस्वास नाही का तुमचा? तुमी बी त बाईच हा."

मी पुन्हा त्यांच्या केसांत बोटं घातली. आणि मग मला ते दिसलं.

डोक्यावर वर्षानुवर्षं ओझं वाहणाऱ्या बायकांच्या टाळूवर एक गोल खूण पडते. चुंबळ, म्हणजे ओझ्याखाली ठेवायची कापडाची गोल गुंडाळी, जिथे टेकते तिथे केस घासून विरळ होतात आणि कातडी जाड होते. देवकाबाईंच्या डोक्यावरही तशी खूण होती. पण ती गोल नव्हती. डावीकडे येताच तुटत होती आणि उंचवट्याच्या पलीकडे पुन्हा सुरू होत होती. उंचवट्यावरचे केस दाट, काळे, नव्या नवरीसारखे. त्यांना चुंबळीने कधी हातही लावलेला नव्हता.

गाठ पंधरा दिवसांची असती तर तिच्यावरचे केसही घासलेले असायला हवे होते. ही गाठ चुंबळीला केव्हापासून तरी चुकवत आली होती.

मी चेहरा अगदी साधा ठेवला. सिस्टरला म्हटलं, "यांना ईसीजीला घेऊन जा. सावकाश करा." सिस्टर माझ्याकडे वीस वर्षं आहे. "सावकाश" या शब्दाचा अर्थ तिला कळतो.

दार बंद झाल्यावर मी सरिताला खुर्चीत बसवलं.

"सरिता, सासूबाईंची चुंबळ कोण करतं?"

तिचे डोळे असे उजळले की जणू या प्रश्नाची ती लग्न झाल्यापासून वाट बघत होती.

"त्याच करतेत जी. मले हातबी लावू देत नाही. अन् तुमाले सांगतो म्याडम, त्यायची चुंबळ लंगडी राहते."

"लंगडी म्हणजे?"

"तीन बाजूनं जाड अन् एका बाजूनं खड्डा. दर साली दिवाळी झाली का फाटक्या लुगड्याची नवी चुंबळ करतेत. मंग जुनी येते मडक्याखाली. आमचे मडके बुडाशी गोल हायेत ना, त्यायले बसाले चुंबळ लागते. पन लंगड्या चुंबळीवर मडकं सरकं बसते का? कलंडते. पानी सांडते. अन् बोलनी कोनाले? मले! 'तुले मडकं ठेवता येत नाही. तुह्या मायनं तुले काही शिकवलं नाही.'"

"सगळ्याच चुंबळी लंगड्या आहेत?"

"नाही ना! मी लगन होऊन आली तवाची एकदम गोल हाये. मंग दर साली जास्तच लंगडी होत गेली. मले वाटलं, मले तरास द्याले करून राहिल्या."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. इतकी वर्षं ही बाई रोज सकाळी सांडलेलं पाणी पुसत होती आणि सासूच्या कवटीतल्या गाठीचा इतिहास तिच्या डोळ्यांसमोर मडक्यांखाली ओळीने मांडलेला होता.

"आणि गाठ तू कधी पाहिलीस?"

"पंधरा दिस झाले. त्यायच्या हाताले काटा लागला होता म्हनून डोकं मी धुऊन दिलं. हाताले लागलं. म्हटलं, आत्याबाई, हे का हाये? त्या म्हने कालच चौकट लागली."

"उद्या पहिल्या गाडीने ये. घरातल्या सगळ्या चुंबळी घेऊन ये. आणि सासूबाईंना काही सांगू नकोस."

"मडके कायवर ठेवू?"

"वाळूवर ठेव. एक दिवस."

"नाही सांगत," सरिता म्हणाली आणि पदर तोंडावर धरून इतकी हसली की मला भीती वाटली, हिच्या पोटात हे एक रात्रही टिकणार नाही. देवकाबाईंना मी तपासण्यांच्या नावाखाली हॉस्पिटलमध्येच ठेवून घेतलं, ते यासाठीच.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास माझ्या टेबलावर सात चुंबळी होत्या. माशांचा, मातीचा आणि ओल्या कापडाचा एक संमिश्र वास ओपीडीभर पसरला होता. मी एका हातात कॅलिपर घेऊन बसले होते. हाडाची जाडी मोजायचं हे छोटं यंत्र, पट्टीसारखंच, फक्त दोन जबडे असलेलं.

आमचे भूलतज्ज्ञ डॉक्टर तिवारी आत आले आणि दारातच थांबले.

"मॅडम, ये क्या दुकान लगा रखी है?"

"केस हिस्ट्री है. बैठिए."

"हिस्ट्री से मछली की बू आ रही है."

"हिस्ट्री मछली ही बेचती है."

ते बसले. तिवारीजी मोठे शिस्तीचे गृहस्थ. पण उत्सुकतेपुढे त्यांची शिस्त फार टिकत नाही.

आता प्रश्न होता तो कोणती चुंबळ कोणत्या वर्षाची, याचा. कापडावर तारीख लिहिलेली नसते. पण सरिताला त्याची गरजच नव्हती. तिने एकेक चुंबळ उचलली आणि कोर्टात साक्ष द्यावी तशी बोलत गेली.

"हे अंजिरी. माह्या लग्नात आत्याबाई नेसल्या होत्या, मंडपाच्या खिळ्याले अडकून फाटलं. त्याच दिवाळीची चुंबळ. हे हिरवं. बाजारात बैलानं शिंग घातलं होतं टोपल्यात, तवा फाटलं. ते माह्या लग्नाच्या दुसऱ्या साली. हे पिवळं, गुड्डूच्या बारशाले चुलीच्या इंगळानं जळलं. गुड्डू आता पाच वर्साचा हाये."

"आणि हे निळं?"

"हे दोन लुगड्याचं हाये. त्या साली फाटलंच नाही जास्त. चोरून माह्या जुन्या साडीचा तुकडा घातला. मले आता दिसून राहिलं!"

एकेका चुंबळीचं वर्ष ठरत गेलं. मी खड्ड्याची खोली मोजत होते. तिवारीजी न सांगता लिहून घेत होते. अंजिरी: खड्डा नाही. हिरवी: दोन मिलिमीटर, तोही कदाचित घडी दबल्याचा. पिवळी: सहा. मग नऊ, तेरा, सतरा. शेवटची, यंदा वापरातली: एकवीस.

मी सीटीच्या फिल्मवर गाठीची उंची मोजली. बावीस.

तिवारीजींनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, ये तो ग्राफ बन गया."

"सीधी लाइन."

"कपड़ा दबता भी तो है. एक-दो मिलिमीटर इधर-उधर."

"चालेल. सात वर्षांचे पंधरा दिवस होत नाहीत."

आणि त्याच क्षणी दार उघडून देवकाबाई आत आल्या. सिस्टरचं "सावकाश" संपलं होतं.

त्यांनी टेबलाकडे पाहिलं. चुंबळींकडे पाहिलं. मग सुनेकडे. ते पाहणं मी तुम्हाला शब्दांत सांगू शकत नाही, पण तिवारीजी नकळत खुर्ची मागे सरकवून बसले.

"माह्या मडक्याखाली हात कायले घातला वं?"

"डाक्टरीन बाईनं मांगतल्या," सरिता म्हणाली आणि चपळाईने माझ्या मागे येऊन उभी राहिली.

"देवकाबाई, बसा," मी म्हटलं. "तुमच्या डोक्यातली गाठ सात वर्षांची आहे. दरवर्षी तुम्ही तिच्यासाठी चुंबळीत जागा करत आलात. बरोबर?"

त्या बसल्या नाहीत. मग एक चुंबळ उचलून हातात फिरवत म्हणाल्या, "मंग का करू? टोपलं डगमगत होतं. मासे पडत होते. म्हनून खड्डा केला. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. सांगतली असती त पोरानं टोपलंच लपवलं असतं. घरी बस म्हनला असता. घरी बसून का करू? हिच्या तोंडाकडे पाहू?"

"अन् मी का तुमच्या तोंडाकडे पाहू?" माझ्या पाठीमागून आवाज आला.

"बाजारात मले लोक हाक मारतेत," देवकाबाई म्हणाल्या. "तीस वर्सं झाले. घरी कोन हाक मारते?"

हे त्यांच्या खोटं बोलण्याचं कारण होतं. यापेक्षा चांगलं कारण मी अनेक दिवसांत ऐकलं नव्हतं. पण त्यांना मी तसं म्हटलं नाही.

मी त्यांना सगळं सांगितलं. की पंधरा दिवस म्हटल्यामुळे कागदावर कॅन्सर आला. की सात वर्षं म्हटलं तर बहुधा तो नाही. की तरीही गाठ काढावी लागेल, कारण ती वाढते आहे आणि आतला पापुद्रा एकदा फुटला की ती मेंदूकडे तोंड करेल. आणि की खात्री फक्त काढलेल्या गाठीच्या तपासणीनंतरच होईल.

त्यांनी शांतपणे ऐकलं. मग एकच प्रश्न विचारला.

"मंग टोपलं?"

"काय टोपलं?"

"डोक्याले भोक पाडान. त्याच्यावर टोपलं घेता येईन का?"

मी म्हटलं, विचार करून सांगते. आणि खरंच करावा लागला. कवटीचा तुकडा काढला की भोक बुजवायला आम्ही बहुतेक वेळा टायटॅनियमची जाळी बसवतो. मजबूत असते. रोजच्या जगण्याला पुरून उरते. पण तिच्यावर रोज पंधरा किलो मासे ठेवण्याबद्दल तिच्या डब्यावर काहीच लिहिलेलं नसतं.

"पत्रा नको," देवकाबाईंनी आधीच बजावलं. सिस्टरने त्यांना जाळीबद्दल सांगून टाकलं होतं. "उन्हात तापते. खाली डोकं शिजन अन् वर मासे."

टायटॅनियम तसं तापत नाही. मी वाद घातला नाही, कारण माझ्या मनात दुसरंच होतं.

संध्याकाळी मी माझ्या सरांना फोन केला. त्यांच्या हाताखाली मी शिकले. आता ते निवृत्त आहेत, पण माझ्यावर ओरडण्याच्या कामातून निवृत्त झालेले नाहीत.

"सर, कवटीची गाठ आहे. किरणांसारख्या रेषा. बायोप्सी सांगितली आहे. मला ती टाळून अख्खी गाठ एका तुकड्यात काढायची आहे."

"का?"

"वाढ सात वर्षांची आहे."

"फाइलमध्ये?"

"फाइलमध्ये पंधरा दिवस."

"मग सात वर्षांचा पुरावा काय?"

"मडकी वाकडी बसतात, सर."

"काय बसतात?"

मी सगळं सांगितलं. आकडे वाचून दाखवले. सर मध्ये बोलले नाहीत, हा पहिला चमत्कार. शेवटी म्हणाले, "तीस वर्षं मी विद्यार्थ्यांना हिस्ट्री घ्यायला शिकवली. मडक्याखाली बघा, असं एकदाही शिकवलं नाही. काढ. चहूबाजूंनी एक सेंटिमीटर चांगलं हाड घेऊन काढ. गाठीला भोक पाडू नकोस. आणि भरणार कशाने?"

"त्यांच्याच हाडाने."

"शाबास," ते म्हणाले आणि फोन ठेवून दिला. शाबास हा दुसरा चमत्कार.

ऑपरेशनच्या दिवशी देवकाबाईंनी केसांवरून सिस्टरशी तासभर घासाघीस केली आणि अर्धं डोकं वाचवलं. भूल देण्याआधी तिवारीजींनी त्यांना विचारलं, "डर लग रहा है?"

"तुमाले लागून राहिलं का?" त्यांनी उलट विचारलं. तिवारीजींनी घाईघाईने इंजेक्शन दिलं.

कातडी उघडली. खाली गाठ दिसली, निळसर जांभळी, जांभळाच्या रंगाची. कॅन्सर असा नीटनेटका क्वचितच असतो, पण रंगावर विश्वास ठेवून चालत नाही. कातडीतून गाठीत शिरणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या एकेक करून जाळल्या. मग गाठीपासून सेंटिमीटरभर लांब, चांगल्या हाडात पाच छोटी भोकं पाडली. भोकांतून पातळ पट्टी सरकवून मेंदूवरचं आवरण हाडापासून सोडवलं आणि एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत हाड कापत गेले. ठिपक्याठिपक्यांवरून पोस्टाचं तिकीट फाडतात, तसंच.

अवघड होती ती भांगाकडची बाजू. तिथे, बरोबर डोक्याच्या मधोमध, हाडाखाली मेंदूची सर्वांत मोठी नीला वाहते. मी तिच्यापासून दीड बोटावर होते. तुकडा उचलायला लागले तेव्हा त्या बाजूने एकदम रक्त आलं. लाल नव्हे, काळसर. म्हणजे नीलेचं.

"मॅडम?" तिवारीजींचा आवाज.

"बघतेय."

"बीपी थोड़ा गिरा है."

"बघतेय म्हटलं ना!"

मोठ्या नीलेला मिळणारी एक बारकी शाखा हाडाला चिकटून बसली होती, ती सुटली होती. मोठी नीला शाबूत होती. मी ओला कापूस दाबून धरला आणि मनात शंभर मोजले. अशा वेळी हाताला काही करू न देणं हेच कौशल्य. शंभरला कापूस उचलला. कोरडं.

मग तुकडा अख्खा वर आला. मी तो उलटा केला. आतला पापुद्रा गुळगुळीत, शाबूत, अंड्याच्या कवचासारखा. गाठीने मेंदूकडे बोटही केलं नव्हतं. मास्कच्या आत मी इतकी हसत होते की चष्म्यावर वाफ धरली.

आता भोक. कवटीला दोन पापुद्रे असतात, हे मी वर सांगितलं. उजव्या बाजूचं चांगलं हाड त्याच मापाचं कापून काढलं, बारीक करवतीने आणि छिन्नीने ते मधून सोललं आणि एका तुकड्याचे दोन केले. बाहेरचा पापुद्रा परत त्याच्या जागी बसवला. आतला डावीकडच्या भोकात. कडेने तुकडे धरून ठेवायला बोटाच्या पेरापेक्षा लहान धातूच्या पट्ट्या. पत्रा म्हणावा असं काही नाही. सुताराने एका फळीतून दोन दारं काढावीत, तशी ही कला आहे. फक्त फळी चुकली तर दुसरी मिळत नाही.

संध्याकाळी देवकाबाई पूर्ण जाग्या झाल्या. मेंदू ठीक आहे का हे पाहायला आम्ही काही ठरावीक प्रश्न विचारतो.

"नाव काय?"

"देवका."

"आज कोणता वार?"

"बाजाराचा."

"म्हणजे कोणता?"

"म्हंजे माह्या जागेवर आज दुसरीच कोनी बसली असन."

मी केसपेपरवर लिहिलं: मेंदूचं कार्य उत्तम.

पण खरी परीक्षा बाकी होती. काढलेली गाठ पॅथॉलॉजिस्टकडे गेली. मांसाची गाठ दोन-तीन दिवसांत तपासून होते. हाडाची होत नाही. हाड आधी आम्लात ठेवून मऊ करावं लागतं, मगच त्याचे पातळ काप निघतात. म्हणजे दहा-बारा दिवस थांबणं. त्या बारा दिवसांत मी चुंबळींचा ग्राफ निदान वीस वेळा काढून पाहिला. सात वर्षं सावकाश चाललेली गाठ शेवटच्या वर्षात धावायला लागली असेल तर? असंही होतं. चुंबळीने ते मला सांगितलं नसतं.

सरिता रोज फोन करायची. "आला का जी?" पहिले चार दिवस ती सासूच्या तब्येतीबद्दल विचारत होती. पाचव्या दिवसापासून तक्रारी सुरू झाल्या: बसून बसून सगळ्या घराला शिस्त लावून राहिल्या, गुड्डूले पाढे शिकवून राहिल्या, चुकीचे. मी ओळखलं, बाई बरी होते आहे.

बाराव्या दिवशी टाके काढायला दोघी आल्या आणि त्या बसलेल्या असतानाच पॅथॉलॉजिस्टचा फोन आला. मी फोन कानाला लावून उठले, खिडकीकडे गेले आणि पाठमोरी उभी राहिले. हे मी मुद्दाम केलं, हे कबूल करते.

"हिमँजिओमा," पॅथॉलॉजिस्ट म्हणाले. "कॅन्सरचं नावनिशाण नाही. कडा सगळ्या स्वच्छ."

मी वळले. सरिताने सासूचा हात धरला होता. बहुधा सात वर्षांत पहिल्यांदा. देवकाबाईंनीही तो सोडवून घेतला नव्हता.

"देवकाबाई," मी म्हटलं, "काही नाही."

"काही नाही म्हंजे?"

"कॅन्सर नाही. गाठ संपली. परत येणार नाही."

सरिता रडायला लागली. देवकाबाई माझ्याकडे, मग सुनेकडे आणि मग दारात येऊन थांबलेल्या तिवारीजींकडे पाहत म्हणाल्या, "मंग मी पयल्या दिवशीच का म्हनत होती? काही नाही म्हनून! तुमीच मडके उलटे करून पाहिले."

त्यांचं निदान बरोबर होतं, इतिहास तेवढा खोटा होता.

हाड जुळायला वेळ लागतो. आठ महिने मी त्यांना डोक्यावर रुमालापेक्षा जड काही घेऊ दिलं नाही. पाळत ठेवायचं काम सरिताकडे होतं आणि ते तिने अत्यंत आनंदाने केलं. मग पुन्हा सीटी काढला. दोन्हीकडची हाडं कडेला पक्की धरली होती.

"पाच किलोपासून सुरुवात," मी म्हटलं. "आधी माझ्यासमोर."

आमच्याकडे मासे नव्हते. सिस्टरने एका टोपलीत अर्ध्या लिटरच्या दहा सलाइनच्या बाटल्या भरल्या आणि ऑपरेशन थिएटरमधला एक हिरवा टॉवेल गुंडाळून दिला. देवकाबाईंनी त्या गुंडाळीकडे दयेने पाहिलं, ती सोडली, दोन हातांनी पीळ देऊन क्षणात आपली बांधली आणि टोपली डोक्यावर चढवली. कॉरिडॉरमध्ये पेशंट, नातेवाईक, वॉर्डबॉय, सगळे भिंतीला लागून उभे होते. त्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या. हात सोडून. मान ताठ, कंबर सैल, एकही बाटली खडखडली नाही. त्या टोकाला वळल्या आणि हॉस्पिटलचं सगळं वातावरण दणाणून जाईल अशा आवाजात ओरडल्या, "घ्या जी ताजे!"

तिवारीजींनी शिटी वाजवली. त्यांना ती येते, हे मला त्या दिवशी कळलं.

देवकाबाईंनी आता बाजारात परत आपली जागा धरली आहे. मधल्या काळात तिथे बसलेल्या बाईला उठवायला दोन बाजार लागले, असं सरिता सांगते.

माझ्या कामात मात्र एक बदल झाला. "किती दिवसांपासून आहे?" हा प्रश्न मी अजूनही पेशंटला विचारते, उत्तर लिहून घेते आणि मग त्याला ईसीजीला पाठवून, सोबत आलेल्या माणसाला आत बोलावून तोच प्रश्न पुन्हा विचारते. दोन उत्तरं क्वचितच जुळतात. सोबत सून असेल तर मी वहीचं नवं पान काढते. त्यामुळे नवेगाव बांधपासून सडक अर्जुनीपर्यंतच्या सासवा माझ्यावर नाराज आहेत. सुनांमध्ये प्रॅक्टिस जोरात चालू आहे.